चिचुंद्री, बोका आणि वाइनची बाटली

गोव्यातल्या आपल्या अनेक घरांत चार-दोन वाइनच्या बाटल्या हमखास सापडतात. कोणाला लग्नात भेट म्हणून मिळालेली पोर्ट वाइन, कोणी नाशिकहून येताना आणलेल्या दोन बाटल्या, जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाने प्रत्येक सुट्टीत आणून ठेवलेली एकेक. काही घरांत नाताळच्या आधी द्राक्षांची किंवा जांभळांची वाइन घरीच केली जाते. हळूहळू बाटल्या वाढतात आणि जिन्याखालची खोली किंवा मागच्या पडवीला लागून असलेली काळोखी कोठी त्यांना दिली जाते. मात्र त्याच खोलीवर घरातल्या मांजराचीही नजर असते. थंड, काळोखी, शांत, माणसांची वर्दळ नसलेली जागा वाइनला लागते, आणि मांजरालाही नेमकी तशीच जागा आवडते.

मग एके दिवशी दार उघडताच उग्र दर्प येतो. घाईघाईने ब्लिचिंग पावडर, फिनेल, डांबराच्या गोळ्या असा मारा होतो. या लेखाचा खरा हेतू तो मारा थांबवणे हा आहे, कारण घाणीपेक्षा चुकीच्या सफाईनेच जास्त नुकसान होते. वाइनचे होते, मांजराचे होते आणि कधी कधी साफ करणाऱ्या माणसाचेही होते.

आधी जागेविषयी थोडे

वाइन दीर्घकाळ ठेवायची तर साधारण 12 ते 14 अंश सेल्सिअस तापमान, 60 ते 70 टक्के आर्द्रता, अंधार आणि हादरे नसलेली जागा लागते, असे मानले जाते. आपल्याकडे तापमान 30 अंशांच्या पुढे जाते आणि पावसाळ्यात हवा पाण्याने जड होते. म्हणून जिन्याखालच्या खोलीत ठेवलेली वाइन वर्षानुवर्षे मुरवण्यापेक्षा वर्षभरात उघडावी हे बरे. खरोखर जपायच्या बाटल्यांसाठी छोटा वाइन फ्रिज घेणे हाच आपल्या हवेतला खात्रीचा उपाय आहे. घाण आणि वासाच्या दृष्टीनेही तो चांगला, कारण त्याचे दार बंद राहते.

नैसर्गिक बुचाच्या वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते आणि आकसत नाही. फेणी आणि इतर कडक मद्ये मात्र उभीच ठेवावीत, कारण जास्त अल्कोहोल बुचाला खराब करते.

वास बाटलीत शिरतो का?

हा प्रश्न आपल्या देशात फार जुना आहे. इंग्रजांच्या काळात इथे राहणाऱ्या साहेबांची ठाम समजूत होती की तळघरात चिचुंद्री नुसती बाटल्यांवरून पळत गेली तरी आतल्या बियरला आणि वाइनला तिचा कस्तुरीसारखा वास लागतो. चिचुंद्रीचा दर्प आपल्याला माहीत आहेच. धान्याच्या कोठीत ती एकदा फिरून गेली की दोन दिवस कळत राहते. त्यामुळे ही समजूत कोणालाही पटण्यासारखी होती.

पण प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांना ती पटली नाही. बाटली भरण्याआधीच बुचांना वास लागलेला असण्याचा संभव जास्त, असे त्यांनी लिहिले. पुढे ब्लॅनफर्ड यांनी नोंदवले की युरोपात भरून, बूच मारून भारतात आलेल्या मद्याला हा वास लागत नाही असे लक्षात आल्यावर ती गोष्ट मागे पडत गेली. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 साली निघालेल्या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘मस्क-रॅट’ या शब्दाखाली हा विषय आला आहे.

जर्डन यांचा तर्क आजही उपयोगी आहे. नीट बूच मारलेल्या बाटलीच्या काचेतून वास जात नाही, आणि चांगल्या बुचातूनही हवेची देवाणघेवाण अतिशय थोडी होते. आज आपल्याकडच्या बऱ्याच वाइनना धातूचे फिरकीचे झाकण असते, तिथे तर काळजी आणखी कमी. म्हणून खोलीत एकदा मांजर घाण करून गेले म्हणजे सगळ्या बाटल्या वाया गेल्या, असे समजून हळहळू नका.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका न वापरलेल्या बुचांना आणि रिकाम्या बाटल्यांना. घरी वाइन करणाऱ्यांनी सुटी बुचे त्याच खोलीत कागदी पिशवीत ठेवू नयेत. बूच वास शोषून घेते आणि पुढे तोच वास वाइनला देते. बुचे हवाबंद डब्यात, दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

दुसरा धोका आंबत असलेल्या वाइनला. फडके बांधलेली बरणी म्हणजे उघडीच बरणी. त्यात केस पडतात, धूळ पडते, चिलटे शिरतात. चिलटे आपल्याबरोबर व्हिनेगरचे जिवाणू आणतात आणि वाइन आंबट होते. सुरेचे घरगुती व्हिनेगर आणि आंबती वाइन एकाच फळीवर कधीच ठेवू नयेत. बरणीला फडक्याऐवजी पाण्याची नळी असलेले झाकण लावले तर आतला वायू बाहेर जातो आणि बाहेरचे काही आत येत नाही.

तिसरा धोका पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. पुठ्ठा मूत्र शोषतो, ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते. शिवाय खोके दिसले की मांजर त्यात बसणारच. बाटल्या घरी आल्या की खोके त्याच दिवशी बाहेर काढावे.

चौथा धोका लेबलांना. मूत्राने लेबल सुटते, डागाळते आणि पुढे कोणती बाटली कुठली हेच कळेनासे होते. जपायच्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो काढून ठेवा आणि लेबलावर स्वयंपाकघरातले पातळ प्लास्टिक गुंडाळा.

पाचवा आणि सर्वांत फसवा धोका ब्लीचचा. क्लोरीन असलेले ब्लीच लाकडाला, पुठ्ठ्याला लागले की क्लोरोफिनॉल नावाची संयुगे तयार होऊ शकतात. ओलसर जागेतली बुरशी त्यांचे रूपांतर ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, म्हणजे टीसीए, या पदार्थात करते. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट वास येणारी ‘बूच लागलेली’ वाइन म्हणतात ती बहुधा याचमुळे. लिटरमागे अवघे काही नॅनोग्रॅम टीसीए असले तरी तो नाकाला कळतो. म्हणूनच वाइन तयार करणारे आपल्या कोठारांत क्लोरीन वापरणे टाळतात. लाकडी फळ्या, पिंप आणि सुटी बुचे असलेल्या खोलीत आपणही ते टाळावे.

जाता जाता एक गंमत. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या वासाचे वर्णन करताना जाणकार मंडळी ‘मांजराच्या मुतासारखा’ असे बिनदिक्कत म्हणतात, आणि ते दूषण नसते. या द्राक्षाच्या वाइनमध्ये गंधक असलेली काही संयुगे असतात, आणि बोक्याच्या मूत्राचा उग्रपणाही गंधकयुक्त संयुगांमुळेच येतो. नाशिकच्या सुला कंपनीच्या अगदी पहिल्या वाइनमध्ये सोव्हिन्यों ब्लां होती. तेव्हा अशी बाटली उघडल्यावर तो वास आला तर मांजराला दोष देण्याआधी लेबल वाचा.

घाण नक्की कोणाची?

कौलारू घरात हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण घरचे मांजर पुष्कळदा दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगते.

- भिंतीवर किंवा फळीच्या उभ्या कडेवर, जमिनीपासून वीतभर-दीडवीत उंच शिंतोडे असतील तर बोक्याने हद्द आखली आहे. तो बोका बाहेरचाही असू शकतो.
- जमिनीवर पसरलेले थारोळे असेल तर मांजर किंवा कुत्रा खरोखर लघवी करून गेला आहे.
- तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या उंदराच्या. त्याहून मोठ्या, टोकदार लेंड्या घुशीच्या किंवा मोठ्या उंदराच्या.
- कस्तुरीसारखा गोडसर उग्र वास आणि भिंतीच्या कडेने वावर ही चिचुंद्रीची खूण.
- फळांच्या बिया असलेली विष्ठा माळ्यावर किंवा खाली पडली असेल तर उदमांजर. ते वन्यप्राणी आहे, त्याला मारू नये. तो बाहेर गेल्यावर कौलांतली वाट बुजवावी, आणि आत पिल्ले नाहीत ना हे आधी पाहावे. जमत नसेल तर वनखात्याला कळवावे.

वाळलेला डाग दिसत नसेल तर काळोख करून अतिनील टॉर्च फिरवावा. पुष्कळदा मूत्राचे डाग त्यात फिकट पिवळसर चमकतात. खुणेसाठी खडूने गोल करून ठेवा.

उंदरांचा संशय असेल तर अनवाणी आणि उघड्या हाताने साफसफाई करू नका. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पावसाळ्यात त्याची भीती जास्त असते. हातमोजे आणि बंद पादत्राणे घाला, पायाला जखम असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा.

साफ कसे करावे

मूत्र ताजे असताना वास सौम्य असतो. नंतर जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि डोळ्यांत पाणी येते. त्यातच युरिक आम्लाचे क्षार असतात. ते पाण्यात सहज विरघळत नाहीत, फटीत सुकून बसतात, आणि हवा दमट झाली की पुन्हा वास मारू लागतात. मे महिन्यात गेलेला वास जूनमध्ये परत का येतो, त्याचे हे कारण. चिरा, चुन्याचा गिलावा आणि जुनी सिमेंटची लादी हे सगळे सच्छिद्र असल्याने आपल्या घरांत तो अधिकच टिकतो.

1. दार-खिडकी उघडा. बाटल्या दुसऱ्या सावलीच्या जागी हलवा, उन्हात नको.
2. ओले असेल तर जुने फडके किंवा वर्तमानपत्र दाबून टिपून घ्या. घासू नका, घासल्याने ते आत जाते.
3. साध्या थंड पाण्याने थोडे पुसून पुन्हा टिपा.
4. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमचा द्राव डागाच्या चहूबाजूंनी वीतभर जास्त भागावर ओता. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओला राहू द्या, वरून ओले फडके घाला. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. लगेच पुसले तर पैसे फुकट.
5. पूर्ण सुकू द्या. चिऱ्यावर दोन-तीन वेळा हेच करावे लागते.
6. उरलासुरला वास घालवण्यासाठी खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून काढा. नंतर कोपऱ्यात सक्रिय कोळशाची पिशवी टांगा.
7. वास पूर्ण गेल्यावर आणि भिंत कोरडी झाल्यावरच रंग किंवा सीलर लावा. आधी लावलात तर वास आतच कोंडतो.

बाटल्या साध्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. मूत्र लागलेली बाटली उघडताना वरचे वेष्टन पूर्ण काढा, तोंड आणि बुचाचा माथा स्वच्छ ओल्या फडक्याने पुसा आणि मगच बूच काढा. एवढे केले तर आतली वाइन निर्धास्तपणे चाखून पाहायला हरकत नाही.

व्हिनेगरच्या पाण्याने अमोनियाचा वास कमी होतो हे खरे, पण शहाबादी, कडप्पा, संगमरवर आणि सिमेंटच्या लादीला आम्ल खाते. साध्या चिनी मातीच्या टाइल्सवरच ते वापरावे.

हे मुळीच करू नये

मूत्रावर ब्लीच ओतू नये. मूत्रातला अमोनिया आणि ब्लीच यांच्यापासून क्लोरामाइन नावाचा विषारी वायू निघतो. ब्लीचबरोबर संडास साफ करायचे आम्ल किंवा व्हिनेगर मिसळले तर क्लोरीन वायू निघतो. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत, वाकून काम करणाऱ्या माणसाला हे जिवावर बेतू शकते. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही हे आवर्जून सांगा, कारण बहुतेक वेळा हे काम त्यांच्याच वाट्याला येते. चुकून मिसळले गेले आणि घसा-डोळे चुरचुरू लागले तर सफाई सोडून ताबडतोब मोकळ्या हवेत या. श्वासाला त्रास होत असेल तर डॉक्टरकडे जा.

फिनेल वापरू नये. काळ्या फिनेलमधले फिनॉलवर्गीय पदार्थ मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. ओल्या लादीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. पांढऱ्या फिनेलमधले पाइन तेल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली जंतुनाशकेही मांजरासाठी तितकीच घातक. डांबराच्या गोळ्या आणि कापूर कुत्र्या-मांजरांनी खाल्ले तर विषबाधा होते, आणि त्यांचा वास सुट्या बुचांनाही लागतो.

अमोनिया असलेले काचसफाईचे द्रावही इथे नकोत. मांजराला तो वास मूत्रासारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच येते.

मांजर तिथेच का जाते?

हा प्रश्न न सोडवता केलेली सफाई चार दिवस टिकते. मांजर सूड म्हणून घाण करत नाही. त्याच्यापाशी काहीतरी कारण असते.

सर्वांत आधी आजाराचा विचार करावा. ट्रे सोडून इकडेतिकडे लघवी करणारे मांजर मूत्रमार्गाच्या दुखण्याने बेजार असू शकते. बोक्याच्या बाबतीत तर हे फार गंभीर आहे. तो पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कण्हतो, थेंबभरच लघवी होते किंवा होतच नाही, सारखा तिथे चाटत राहतो, खाणे सोडतो, अशी लक्षणे दिसली तर त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत बोका दगावतो. रविवार असो की चवथ, त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. अशा वेळी ‘याने वाइनच्या खोलीची वाट लावली’ म्हणून त्याला अंगणात हाकलणे म्हणजे वाचू शकणारा जीव हातचा घालवणे.

आजार नसेल तर ट्रे पाहावा. जितकी मांजरे तितके ट्रे आणि वर एक, हा साधा नियम आहे. ट्रे जेवणाच्या ताटलीजवळ किंवा धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ नको. सुगंधी लिटर आपल्याला बरे वाटते, पण पुष्कळ मांजरांना ते आवडत नाही. ट्रे रोज साफ करावा. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मोसिसचा संसर्ग होऊ शकतो आणि ती संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई माणसांच्याही हिताची. गरोदर स्त्रीने हे काम करू नये.

शिंतोडे उडवणाऱ्या बोक्याची नसबंदी केली की बहुतेकदा ती सवय जाते, आणि जितक्या लवकर करावी तितका फरक जास्त. बाहेरचा बोका खिडकीशी येत असेल तर घरचे मांजरही घाबरून हद्द आखू लागते. तिथे खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद चिकटवणे एवढा उपायही पुरतो.

कुत्र्याचे वेगळे

कुत्रा फळीच्या पायाशी तंगडी वर करतो आणि एकदा केले की वासाच्या मागाने पुन्हा येतो. त्याला वेळच्या वेळी बाहेर नेणे आणि पहिला डाग एन्झाइमने मुळापासून काढणे हाच उपाय. मुसळधार पावसात कुत्रा बाहेर जायला कुरकुरतो, तेव्हा त्याच्यासाठी पडवीत किंवा गॅरेजमध्ये आडोशाची जागा करून द्यावी. पावसात भिजलेला कुत्रा या खोलीत कोरडा व्हायला बसू नये, कारण त्याच्या ओल्या केसांचा वास पुठ्ठ्यात आणि लाकडात राहतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात. त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. घरी वाइन गाळल्यावर उरलेल्या चोथ्यात द्राक्षेही असतात आणि अल्कोहोलही. तो चोथा परसात माडाच्या आळ्यात उघडा टाकू नका. खोल पुरा किंवा झाकणाच्या बादलीत टाका. कुत्र्याने खाल्लाच तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा.

खोलीत करायचे बदल

दाराला आपोआप बंद होणारी बिजागरी आणि खाली रबराची पट्टी लावा. हवेची जाळी मात्र बुजवू नका, नाहीतर बुरशी येईल. जाळी बारीक छिद्रांची, लोखंडी किंवा स्टीलची असावी, कारण प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतात. सर्वांत खालची फळी जमिनीपासून हात-दीड हात उंच असावी आणि खाली झाडू सहज फिरला पाहिजे. फळ्या धातूच्या असल्या तर उत्तम. मांजराचा ट्रे, धान्य, कांदे, सुके मासे आणि रॉकेल-रंगाचे डबे यांपैकी काहीही या खोलीत नको. सुक्या मासळीचा वास हे तर मांजराला निमंत्रणच.

वर्षातून एकदा, पुरुमेंताचे सामान भरताना, म्हणजे मे महिन्यात, पुढील गोष्टी तपासाव्यात:

- कौले, खिडक्या, जाळ्या यांतली भोके
- भिंतीला ओल आणि बुरशी
- जुने डाग, टॉर्चने
- बुचांमधून झिरपणाऱ्या बाटल्या (त्या आधी संपवाव्यात)
- पुठ्ठ्याचे खोके (सगळे बाहेर)
- कोळशाच्या पिशव्या बदलणे
- मांजर-कुत्र्याचे लसीकरण आणि पशुवैद्याचा चालू दूरध्वनी क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणे

या यादीला एक दुपार पुरते. खर्च एन्झाइमच्या एका बाटलीचा, रबरी पट्टीचा आणि थोड्या जाळीचा. सुरुवात करायची असेल तर आज त्या खोलीतली ब्लीचची बाटली, फिनेल आणि डांबराच्या गोळ्या तेवढ्या बाहेर काढून मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. बाकीची कामे पहिल्या पावसाआधी सवडीने करता येतील.